मागं माती पाहिजे

ती चार काडतुसं मी घेतली होती. बाबांनी नाही. हे एवढंसं वाक्य बोलायला मला एकतीस वर्षं लागली, आणि बोललो तेव्हा ज्या माणसाने ते सगळ्यात आधी ऐकायला हवं होतं, ते माणूस फोटोत जाऊन बसलं होतं. म्हणून या प्रकरणात पहिलं वाक्य हेच लिहितो. बाकीचं मागून येईल.

मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी एक रायफल क्लब होता. आता तिथे टॉवर आहेत, तेव्हा करवंदांच्या जाळ्या होत्या. बाबा त्या क्लबात बंदुका सांभाळायचे. हुद्दा ‘आर्मरर’ असा इंग्रजी असला तरी काम सगळं होतं. सकाळी रेंज झाडायची, कागदी टार्गेटं खळीने चिकटवायची, सभासद नेम धरून गेले की त्यांच्या रायफली पुसायच्या, काडतुसांचं कपाट उघडायचं आणि बंद करायचं. आमचं मूळ गाव अकोल्याकडचं. बाबा मुंबईत आले, पण वऱ्हाडी बोली त्यांनी सोडली नाही. ‘मले’, ‘तुले’ ऐकून सभासदांची मुलं हसायची. मीही त्यांच्यात उभा राहून हसलो आहे. त्याबद्दलही एक माफी बाकी आहे, पण ती लहान आहे.

घरात बंदुकीच्या तेलाचा वास असायचा. बाबा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, भिंतीवरच्या दोन तसबिरींपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणायला बसले तरी तो वास त्यांच्या बोटांतून यायचा. आई जुन्या सुती लुगड्यांच्या दोन-दोन बोटांच्या चौकोनी चिंध्या कापायची. त्या गजाला लावून बाबा नळी साफ करायचे. पहिली चिंधी काळी निघायची, दुसरी करडी, आणि चौथी-पाचवी पांढरी निघाली की ते नळीतून उजेडाकडे बघून म्हणायचे, ‘‘झालं. तुह्या मायच्या लुगड्यानं झालं.’’ आई म्हणायची, ‘‘माह्या लुगड्यानं दुसऱ्याच्या बंदुका चमकतात, अन् माह्या नशिबात तेच लुगडं.’’ हे रोजचं होतं. चुलीवरची नव्हे, स्टोव्हवरची भाकरी, शेजारी मिरचीचा ठेचा, आणि रविवारी शेजारच्या काकांनी देवनारहून आणलेल्या मटणाचा वाटा. मी कॉलेजात गेल्यावर एकदा बाबांना डिवचलं होतं. ‘‘रोज पहिलं शील घेता, प्राण्याची हत्या करणार नाही म्हणून. मग हे रश्शात काय पोहतंय?’’ बाबा शांतपणे नळीचं हाड ताटावर आपटून त्यातला गर काढत होते. म्हणाले, ‘‘खाणं येगळं अन् हौसेनं मारणं येगळं. हाडाशी भांडू नको, भाकर खाय.’’

बंदुकांमध्ये आयुष्य काढलेल्या या माणसाने जिवंत वस्तूवर कधी नेम धरला नव्हता. त्यांचा सगळा धर्म एका वाक्यात होता: ‘‘मागं माती पाहिजे.’’ कागदाच्या मागे मातीचा जाड बांध असल्याशिवाय घोड्यावर बोट ठेवायचं नाही. क्लबात पॉइंट टू टू वापरायचे. दिसायला ते काडतूस शेंगदाण्याएवढं. त्याचा ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, पिनेचा ठोका कडेला पडला की तो पेटतो आणि दारू पेटवतो. मी दहा वर्षांचा असताना बाबांनी उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी माझ्या तळहातावर ठेवून ती कडेची खूण दाखवली होती. ‘‘नंबर लहान आहे म्हणून गोळी लहान समजू नको. ते मैलभर जाते. दिसत नाही म्हंजे संपली नाही.’’ मी मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं.

बाविसाव्या वर्षी मी बऱ्यापैकी नेम मारत होतो. कर्मचाऱ्याचा मुलगा म्हणून क्लबाने सवलत दिली होती. बँकेची परीक्षा पास झालो होतो आणि नेमणुकीआधीची पोलीस पडताळणी बाकी होती. क्लबात माझ्या वयाचा एकच सभासद होता, संजय पाटणकर. त्याच्या वडिलांचं मुलुंडलाच कोंबड्यांच्या खाद्याचं गोदाम होतं. संजय मनाने वाईट नव्हता. मला ‘यार’ म्हणायचा, बाबांना समोर ‘काका’ आणि इतर सभासदांसमोर नुसत्या आडनावाने ‘तायडे’.

त्या वर्षी त्याच्या गोदामात घुशी झाल्या. घूस म्हणजे उंदीर नव्हे. मांजर तिला बघून वाट बदलतं. त्यांनी जमीन पोखरली, पोती फाडली. खाद्यात मिसळेल म्हणून विष घालता येत नव्हतं. संजयकडे परवान्याची पॉइंट टू टू होती, फक्त टार्गेटसाठी दिलेली, आणि एक छऱ्याची बंदूक होती. एका संध्याकाळी रेंजवर त्याने बाबांना विचारलं.

‘‘काका, घुशीला कोणती बरी? छऱ्याची, का टू टू?’’

‘‘पिंजरा,’’ बाबा म्हणाले.

‘‘अहो काका, कॅलिबर विचारतोय मी.’’

‘‘तेच सांगून राहिलो. पिंजऱ्याचं कॅलिबर मोठं असते. घूस पुरी आत जाते.’’

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. संजयही हसला. पण जाताना गेटपाशी मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘तुझे बाबा मस्करी करतात रे. तू सांग ना. तुला जास्त कळतं यार.’’

या एका वाक्यावर मी गेलो. इतक्या वर्षांनी मागे वळून पाहताना मला घुशी आठवत नाहीत, ते वाक्य आठवतं. त्या क्लबात आमच्या घरातल्या माणसाला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. हे आणा, ते पुसा. आणि इथे एक सभासद मला विचारत होता, तेही बाबांपेक्षा मला जास्त कळतं असं म्हणून.

मग आम्ही दोघं चार दिवस चहाच्या टपरीवर कॅलिबरवर बोलत बसलो. संजयच्या मामाने परदेशातून एक मासिक आणलं होतं, त्यात टू टूच्याच, पण जास्त दारूच्या मॅग्नम काडतुसाचं चित्र होतं. संजयला ते हवं होतं. मी तज्ज्ञासारखा म्हणालो, ‘‘मॅग्नम कशाला रे? गोदामाच्या भिंतीतून पलीकडे जाईल.’’ मग छऱ्याची. छरा हलका, घुशीच्या कातड्यात अडकेल आणि ती जखमी होऊन बिळात मरेल, महिनाभर वास येईल, असं माझंच मत पडलं. उरली टू टू. तिच्यात लाँग रायफल म्हणजे आम्ही टार्गेटला वापरायचो ते लांब काडतूस, आणि शॉर्ट म्हणजे आखूड, कमी दारूचं, हळू जाणारं. क्लबाच्या कपाटात शॉर्टची काही जुनी पाकिटं पडून होती. लाँगच्या बंदुकीत शॉर्ट चालतं, पण नळीत काडतूस बसतं तिथे काजळीचं कडं धरतं म्हणून बाबा कुणाला देत नसत. मी संजयला म्हणालो, ‘‘शॉर्ट वापरू. हळू जाते, आवाज कमी, धोका नाही.’’

हळू म्हणजे धोका नाही. हे मी बोललो होतो. आता ऑफिसात कुणी हौशी माणूस टू टू घेऊ का नव्याने निघालेली सतराची घेऊ असं विचारायला येतो, कारण मी एकेकाळी नेम मारायचो हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. मी त्याला खरं ते सांगतो. सतराची हलकी, वेगवान गोळी कठीण जागी आपटली की बहुधा फुटते. टू टूची मऊ, गोल डोक्याची, हळू गोळी फुटत नाही, ती तिरकी लागली की पाण्यावरच्या चपट्या दगडासारखी उडते. आणि शेवटी सांगतो की मागे माती नसेल तर कुठलीच घेऊ नका. तो जरा नाराज होऊन जातो. त्याला नंबर हवा असतो.

शनिवारी संध्याकाळी बाबा कामावरून येऊन अंघोळीला गेले तेव्हा त्यांच्या सदऱ्यातून मी कपाटाची किल्ली काढली, बंद झालेल्या रेंजवर जाऊन दहा शॉर्ट रुमालात बांधले आणि किल्ली परत ठेवली. दुसरं शीलही मोडलं होतं मी, न दिलेली वस्तू घेतली होती. पण तेव्हा मी शिलं मोजत नव्हतो.

रविवारी दुपारी गोदाम बंद होतं. शटर अर्धं खाली ओढून आम्ही आत बसलो. मक्याच्या भरडीचा आणि सुक्या मासळीच्या चुऱ्याचा वास होता. माहुलकडून यायची ती मासळी. शहाबादी फरशी, विटांच्या भिंती, मध्ये पोती तोलायचा लोखंडी काटा. माती कुठेही नव्हती. मी ते बघितलं होतं. खरंच बघितलं होतं, आणि मनात म्हणालो, शॉर्ट तर आहे.

पहिली घूस मी मारली. संजय म्हणाला, ‘‘झकास!’’ ती पाय झाडत होती तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. दुसरी गोळी पोत्यात गेली. तिसऱ्या गोळीने काही झालं नाही. चौथ्या वेळी घूस काट्याच्या बाजूने शटरकडे पळाली आणि मी बंदूक तिच्यामागून फिरवली. फरशीवर ठिणगी दिसली, मग काट्याचा टण् असा आवाज, आणि मग तो बारीक, गुणगुणणारा सूर. रेंजवर असा सूर कधी ऐकला नव्हता, कारण तिथे माती होती.

शटरखालून कुणीतरी वाकून आत येत होतं. ते बाबा होते.

क्लबात कुणाचीतरी सरावाची वेळ होती म्हणून ते रविवारी गेले होते. कपाट उघडलं तर शॉर्टचं पाकीट फुटलेलं. आईने सांगितलं की मी संजयबरोबर गोदामावर गेलोय. ते चालत नाही, धावत आले होते. डाव्या हाताने शटर धरून ते आत आले, आणि उभे राहिले, आणि त्यांच्या कोपराखालून रक्त सदऱ्यावर उतरायला लागलं. त्यांनी हाताकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि रेंजवर बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, ‘‘बंदूक खाली ठेव. बोल्ट उघड. नळी भिंतीकडं.’’

मी तसं केलं. बोल्ट उघडा आहे, आत काडतूस नाही, हे त्यांनी स्वतः वाकून बघितलं. मगच ते पोत्यावर बसले. खिशातून आईच्या लुगड्याच्या चिंध्या काढून हातावर दाबल्या. पहिली लाल झाली, दुसरी लाल झाली. मी पांढऱ्या चिंधीची वाट बघत होतो. संजय नुसता म्हणत होता, ‘‘वाट लागली यार, वाट लागली.’’

बाबांनी मला विचारलं, ‘‘किती मारल्या?’’

‘‘चार.’’

‘‘बाकीच्या सहा दे.’’ त्या घेतल्या. मग म्हणाले, ‘‘तुही पडताळणी बाकी आहे ना?’’

मी रडायला लागलो होतो. त्यांनी उजव्या हाताने माझी मान धरून मला उभं केलं. ‘‘डाक्टरपुढं तोंड उघडू नको. मी बोलतो.’’

डॉक्टर वस्तीतलेच होते. बाबा म्हणाले, गोदामातला पत्रा लागला. उडालेली गोळी आडवी होऊन मांस फाडत गेली होती, ते पत्र्यासारखंच दिसत होतं. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. टाके पडले, पण शीर तुटली होती. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट त्या दिवसापासून सरळ झाली नाहीत.

आईलाही पत्राच सांगितला. आणि दोन दिवसांनी क्लबाच्या सेक्रेटरींनी कपाट तपासलं. मी बाबांचा डबा घेऊन गेलो होतो, दारातच उभा होतो. संजय आतच होता, खुर्चीवर.

‘‘तायडे, शॉर्टची चार काडतुसं कमी आहेत,’’ सेक्रेटरी म्हणाले. ‘‘कुठे गेली?’’

‘‘ओल लागली होती साहेब. खाडीत फेकली. लिहायचं राहून गेलं.’’

‘‘फेकली? तुम्ही? न विचारता?’’

‘‘चूक झाली साहेब.’’

सेक्रेटरींनी रजिस्टर मिटलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे मला दिसत होतं. पण क्लबाचं नाव पोलिसात जायला नको होतं. ‘‘उद्यापासून येऊ नका,’’ ते म्हणाले. बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली. संजयने माझ्याकडे बघितलं, मी संजयकडे. दोघांपैकी एकाने एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या हातात डबा होता. त्यात भाकरी आणि मेथीची भाजी होती. वास अजून आठवतो.

आईलाही बाबांनी काडतुसं फेकल्याचंच सांगितलं, आणि मग ते बोरिवलीला एका सोसायटीत वॉचमन झाले. मला बँकेची नेमणूक मिळाली. संजय पुन्हा भेटला नाही. आणि आई, जी कधी कुणाचं वाकडं बोलत नसे, ती बाबांना बोलायला लागली. भांडणात नव्हे, सहज. कपबशी फुटली, दूध उतू गेलं, की म्हणायची, ‘‘ज्याले चार काडतुसं सांभाळता आली नाई, त्याच्यापुढं दूध काय ठेवायचं?’’ बाबा वाकडी बोटं दुसऱ्या हाताने चोळत हसायचे. मी पेपर वाचत असायचो. पुढे लग्न झालं, मालाडच्या शाखेत बदली झाली, मोठं घर झालं, आईबाबांना बरोबर आणलं, तरी ते वाक्य आमच्याबरोबर आलं.

त्याच सुमाराला माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सकाळच्या वंदनेत बाबा पहिली तीन शिलं म्हणत, मग थांबत, आणि पाचवं म्हणत. चौथं गाळत. चौथं म्हणजे मुसावादा, खोटं बोलणार नाही, ते. आधी वाटलं विसरले. विहारातही बघितलं, सगळ्यांच्या आवाजात त्यांचे ओठ त्या ओळीला मिटलेले. एकदा धीर करून विचारलं, ‘‘बाबा, मोडलेलं शील परत घेता येतं ना? रोज त्यासाठीच तर घेतो आपण.’’ ते म्हणाले, ‘‘मोडून संपलं तर घेता येते. चालूच असलं तर कसं घेऊ? तुही माय रोज बोलून दाखवते, अन् मी रोज गप राहतो. म्हंजे रोज खोटं बोलतो. वरून शील घेऊ?’’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ते खोटं संपवणं त्यांच्या हातात नव्हतं, माझ्या होतं. मी त्या दिवशी ऑफिसला उशीर होतो म्हणून निघून गेलो. आणि रोज निघून जात राहिलो. माणूस थकतो ते कामाने नाही, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

आई मागच्या वर्षी गेली. शेवटच्या दिवसांत तिला भरवताना बाबांच्या हातातून चमचा सांडला, कारण उजव्या हाताला तिच्या सलाईनच्या नळीचा अडथळा होता आणि डाव्या हाताने चमचा धरता येत नव्हता. आई क्षीण हसून म्हणाली, ‘‘चार काडतुसं...’’ पुढचं तिला म्हणता आलं नाही. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. मरणाऱ्या माणसाला त्रास कशाला, असं स्वतःला सांगितलं. भित्र्या माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत.

आई जाऊन वर्ष झालं, त्या पुण्यानुमोदनाला घरात पंधरावीस माणसं होती. आईच्या फोटोसमोर सगळ्यांनी वंदना म्हटली. माझी मुलगी मैत्रेयी बाबांच्या मांडीला मांडी लावून बसली होती. ती एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजच्या एनसीसीत टू टू मारते, आणि तिला ‘‘मागं माती पाहिजे’’ हे तिच्या आजोबांनीच शिकवलं आहे. वंदना संपली, खिरीच्या वाट्या यायला लागल्या, तेवढ्यात तिने विचारलं, मोठ्याने, जसं ही मुलं विचारतात तसं, ‘‘आजोबा, तुम्ही नेहमी चौथं का गाळता हो? मी लहानपणापासून बघतेय. कुणाला खोटं बोललात?’’

लोक हसले. बाबाही हसले, आणि त्यांच्या उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं चोळली. ते काही बोलणार नव्हते. एकतीस वर्षं बोलले नव्हते, आताही बोलले नसते. मी ती बोटं बघितली आणि उभा राहिलो. वाटी माझ्या हातातच राहिली.

‘‘ते खोटं माझं आहे,’’ मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. किल्ली, रुमाल, घुशी, फरशी, काटा. पत्रा लागला नव्हता, माझी गोळी लागली होती. नोकरी माझ्यामुळे गेली. मैत्रेयीचं तोंड उघडं राहिलं. बायकोने माझ्या हातातली वाटी काढून घेतली. सांगून झाल्यावर मला वाटलं होतं की काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. नुसते पाय दुखत होते.

मी बाबांसमोर खाली बसलो. ‘‘बाबा, चुकलो. तुमचा हात, तुमची नोकरी, तुमचा शब्द, सगळं घेतलं मी. माफ करा.’’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नव्वदीला टेकलेला माणूस, डोळ्यांत पाणी कायमच असतं, त्यामुळे रडताहेत का ते कळत नाही. मग म्हणाले, ‘‘मी तं तिथंच होतो बाप्पा. मले कायले सांगतो? मले मालूमच होतं.’’ आणि वाकड्या बोटांनीच फोटोकडे खूण केली. ‘‘जिले मालूम नव्हतं, तिले सांग.’’

मी उठून आईच्या फोटोपुढे गेलो. मेणबत्ती अर्धी जळली होती.

‘‘आई,’’ मी म्हणालो, ‘‘ती चार काडतुसं मी घेतली होती. बाबांनी नाही. तू त्यांना बोलत राहिलीस आणि मी ऐकत राहिलो. मला माफ कर.’’